संत अंतोनींच्या मागावर: नाईलकाठ ते गलाला डोंगर, पाच दिवस

इजिप्तच्या वाळवंटात तिसऱ्या-चौथ्या शतकात तप केलेले ख्रिस्ती साधू म्हणजे संत अंतोनी. त्यांची गुहा बहुतेक पर्यटक तांबड्या समुद्राकाठच्या हुरघाडाहून एका दिवसात उरकतात. पहाटे बस, दुपारी मठ, रात्री परत समुद्रकिनारी. यात गुहा बघून होते, पण अंतोनी हाती लागत नाहीत. ते टप्प्याटप्प्याने गावापासून लांब सरकत गेले. आधी घर सुटलं, मग गावाची वेस, मग थडगी, मग नदीपलीकडचा पडका किल्ला आणि शेवटी तीन दिवसांच्या वाटेवरचा डोंगर. याच क्रमाने गेलं तर दर टप्प्यावर भाकरी कोण आणायचं, पाणी कुठलं, माणसं किती लांब, हे नीट उलगडतं. त्यांचं तप या हिशोबातूनच समजतं.

जायचा काळ आधी ठरवावा, कारण इथेच सगळ्यात जास्त चुका होतात. थंडी चांगली म्हणून लोक डिसेंबर धरतात, पण २५ नोव्हेंबर ते ६ जानेवारी कॉप्टिक, म्हणजे इजिप्तमधल्या ख्रिस्ती लोकांचा नाताळपूर्व उपवास असतो आणि त्यांचा नाताळ ७ जानेवारीला येतो. पुढे ईस्टरच्या आधी ५५ दिवसांचा मोठा उपवास. त्यांचं ईस्टर आपल्याकडच्या कॅथलिक ईस्टरच्या दिवशी येईलच असं नाही, म्हणून हा उपवास कधी फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात सुरू होतो, तर कधी मार्चच्या मध्यावर. या काळात मठ पाहुण्यांना मुक्कामाला ठेवायला नाखूश असतात, काही तर दारही बंद ठेवतात. म्हणून जानेवारीचा दुसरा पंधरवडा सर्वांत सोयीचा. ३० जानेवारीला अंतोनींचा सण असतो, कॉप्टिक पंचांगात तो तोबी महिन्याचा २२ वा दिवस. त्या दिवशी उपासना डोळे भरून बघता येते, पण राहायची सोय मिळणं कठीण.

मठात मुक्काम करायचा असेल तर मठाच्या कैरोतल्या कार्यालयातून आधी परवानगी घ्यावी. दारात उभं राहून विनंती केली तर चहापाणी नक्की मिळतं, खोली मिळेलच असं नाही.

पहिला दिवस: कैरो

मेट्रोच्या पहिल्या मार्गाने मार गिर्गिस स्टेशनला उतरायचं. समोरच जुनं कैरो आणि कॉप्टिक संग्रहालय. मार्कुस सिमायका यांनी ते १९०८ साली उभं केलं. नाग हम्मादी इथे सापडलेली जुनी कॉप्टिक हस्तलिखितं बघायला गर्दी असते, ती जरूर बघावीत. पण या प्रवासासाठी थांबायचं ते स्तोत्रांच्या एका छोट्या पुस्तकापाशी. १९८४ साली बेनी सुएफच्या बाजूला अल-मुदिल इथे एका लहान मुलीच्या थडग्यात तिच्या डोक्याखाली ते सापडलं. कॉप्टिक भाषेतली सगळी स्तोत्रं त्यात आहेत. वाळवंटातल्या मठवासींची शिदोरी हीच. दिवसाची आणि रात्रीची प्रार्थना या स्तोत्रांवर चालायची आणि ती पाठ असायची. अंतोनी शिकलेले नव्हते, त्यांना ग्रीक येत नव्हतं, परदेशी पाहुण्यांशी बोलताना दुभाष्या लागायचा. ऐकून ऐकून सगळं त्यांच्या स्मरणात राहिलं होतं.

इथेच नावाचा एक घोळ मिटवून घ्यावा. वसईत आणि गोव्यात घराघरांत ज्यांची तसबीर असते, हातात लिली आणि बाळ येशू, ते पदुआचे संत अंतोनी. शिवोलीचं चर्च त्यांचंच. ते लिस्बनचे, तेराव्या शतकातले, मूळ नाव फर्नांदो. १२२० साली ते कोइंब्राजवळ फ्रान्सिस्कन संघात आले, तिथलं आश्रमस्थान इजिप्तच्या अंतोनींच्या नावाचं होतं आणि ते नाव त्यांनी घेतलं. म्हणजे आपल्याकडचे सगळे अंतोन, आंतोनियो आणि टोनी या वाळवंटातल्या म्हाताऱ्याचंच नाव लावतात. त्यांचं चित्र ओळखायची खूण म्हणजे लांब पांढरी दाढी आणि जोग्यांच्या कुबडीसारखी, वर आडवी पट्टी असलेली काठी. युरोपातल्या चित्रांत पायाशी डुक्कर दिसतं. त्याचं कारण असं: अकराव्या शतकाच्या अखेरीस फ्रान्समध्ये त्यांच्या नावाने रुग्णसेवा करणारा संघ सुरू झाला. राय या धान्यावरच्या अरगट बुरशीने हातापायांची आग होऊन ते झडत, त्या रोगाला लोक ‘संत अंतोनींची आग’ म्हणत. त्यावरच्या मलमात डुकराची चरबी असे. बाजरीवर येणाऱ्या अरगटाची बुरशी याच कुळातली. आपला शेतकरी दहा लिटर पाण्यात दोन किलो मीठ विरघळवून त्यात बियाणं टाकतो आणि तरंगलेलं काढून जाळतो, तो तिच्याचसाठी. इजिप्तच्या चित्रांत मात्र डुक्कर कधीच नसतं.

संध्याकाळी खरेदी उरकावी: माणशी सहा लिटर पाणी, खजूर, डोक्याला बांधायची विजेरी, पासपोर्टच्या चार-पाच झेरॉक्स. नाक्यानाक्यावर पोलीस प्रत मागतात, आणि मूळ पासपोर्ट दर वेळी पिशवीतून काढत बसलं की अर्धा दिवस त्यातच जातो.

दुसरा दिवस: गाव आणि नदीपार

कैरोच्या दक्षिणेला बेनी सुएफ प्रांतात, नाईलच्या पश्चिम काठावर अल-वास्ताजवळ कीमान अल-अरूस नावाचं गाव आहे. हेच जुनं कोमा. अंतोनी इथे साधारण २५१ साली जन्मले. बघण्यासारखी वास्तू जवळपास नाही, तरी यावं, कारण शेतं तीच आहेत. पाट, बरसीमचे हिरवेगार पट्टे, खजुरी, आणि पाण्याची हद्द संपली की लगेच पिवळं उजाड रान. हिरवं आणि पिवळं यांच्यामध्ये एका पावलाचं अंतर. ‘वाळवंटात गेले’ हे वाक्य आपल्याला फार लांबचं वाटतं, पण इथल्या माणसाला वाळवंट बांधावरूनच दिसतं.

आईवडील गेले तेव्हा अंतोनी १८ ते २० वर्षांचे होते, घरात धाकटी बहीण. जमीन ३०० अरूरा. एक अरूरा म्हणजे आपल्या मापाने सुमारे २७ गुंठे, तेव्हा एकूण दोनशे एकरांच्या वर आणि तीही नाईलची काळी, पिकाऊ. चर्चमध्ये मत्तयाच्या शुभवर्तमानातलं वाक्य कानावर पडलं, ‘जा, तुझं असेल नसेल ते विकून गरिबांना दे.’ त्यांनी जमीन विकली नाही, गावकऱ्यांना देऊन टाकली. अलेक्झांड्रियाचे बिशप अथानासियस यांनी त्यांच्या मृत्यूनंतर वर्षा-दोन वर्षांत चरित्र लिहिलं, त्यात कारण दिलंय: जमिनीपायी आपल्याला आणि बहिणीला पुढे ताप नको. यामागे सारा होता. रोमन अमलात सारा जमिनीला चिकटलेला असे आणि बुडाला तर गावावर बसे. सारा झेपेना म्हणून घरदार सोडून पळून जाणाऱ्या शेतकऱ्याच्या कृतीला ग्रीकमध्ये ‘अनाखोरेसिस’ म्हणत, आणि एकांतवासी तपस्व्यासाठीचा शब्द त्याच धातूतून आला. अंतोनी मात्र पळाले नाहीत. आधी हिशोब चुकता केला, मग बाहेर पडले. घरातलं सामान विकून पैसे वाटले, थोडे बहिणीसाठी ठेवले. पुढच्या वेळी ‘उद्याची चिंता करू नका’ हे ऐकलं तेव्हा तेही वाटले आणि बहिणीला व्रतस्थ कुमारिकांच्या हवाली केलं.

त्यांच्या आधीही तपस्वी होते, पण ते गावाच्या वेशीवर राहात. अंतोनी प्रथम अशाच एका म्हाताऱ्याजवळ राहिले, हाताने काम करून भाकरीपुरतं कमावलं, उरलेलं गरिबांना दिलं. मग गावापासून लांबच्या थडग्यांमध्ये गेले. ओळखीचा एक माणूस भाकरी आणून देई आणि बाहेरून दार लावी. सैतानाशी झालेल्या प्रसिद्ध झटापटी इथल्या.

दुपारी पूल ओलांडून पूर्व काठावर दैर अल-मैमून गाठायचं. हेच पिस्पीर, चरित्रातला ‘बाहेरचा डोंगर’. वस्ती लहान, दोन जुनी चर्च. बहुधा कुलूप असतं. वस्तीत ‘मुफ्ताह’ म्हणजे किल्ली मागितली की कोणीतरी घेऊन येतं. अंतोनींच्या नावाच्या चर्चमध्ये जमिनीत एक अरुंद खळगा दाखवतात, ते तिथे बसत असं सांगतात. वेदीच्या पडद्याआड जाऊ नये, आणि तिथवर जातानाही चपला काढाव्यात.

पस्तिशीत नदी ओलांडून ते इथल्या पडक्या किल्ल्यात शिरले, दार चिणून घेतलं आणि २० वर्षं आत राहिले. आत पाणी होतं. सहा महिन्यांची भाकरी एकदम आत घेत, वर्षातून दोनदा, छपरावरून. हे अशक्य वाटतं, पण हिशोब बसतो. इजिप्तच्या मठवासींचं नेहमीचं माप म्हणजे दिवसाला दोन सुक्या भाकऱ्या, मिळून एक रोमन पौंड, आजचे सुमारे ३२५ ग्रॅम. सहा महिन्यांचे साठेक किलो होतात, दोन गोणींत मावतील एवढे. भाकरी भाजून पुन्हा भट्टीत खडखडीत वाळवायची. आत ओल राहिली की बुरशी धरते आणि एका भाकरीची बुरशी सगळ्या गोणीला लागते. नीट वाळली तर वर्षभर टिकते. खायच्या आधी पाण्यात भिजवायची, वर मीठ. सूर्यास्तानंतर एकदा जेवण, कधी दोन दिवसांआड, कधी चार.

तीनशे पाचच्या सुमाराला लोकांनी दार उखडलं. हाडांचा सापळा बाहेर येईल असं वाटलं होतं, पण अंतोनी ना सुजलेले होते, ना खंगलेले. मग भोवती झोपड्या पडल्या, शिष्य जमले. ३११ साली रोमन सम्राट मॅक्सिमिनने ख्रिस्ती लोकांचा छळ मांडला तेव्हा ते अलेक्झांड्रियाला गेले आणि तुरुंगात, खाणीत डांबलेल्यांची सेवा केली. मठवासींनी शहर सोडावं असा हुकूम निघाला, बाकीचे लपले. यांनी अंगरखा धुतला आणि दुसऱ्या दिवशी अधिकाऱ्याच्या नजरेला पडेल अशा उंच जागी उभे राहिले. तरी कोणी हात लावला नाही.

तिसरा दिवस: तीन दिवसांची वाट, तीन तासांत

नाईलकाठच्या कुरैमातहून तांबड्या समुद्रावरच्या झाफरानाकडे रस्ता निघतो तो वादी अरबा या कोरड्या खोऱ्यातून. उत्तरेला एक गलाला पठार, दक्षिणेला दुसरं. अंतोनी याच वाटेने अरब व्यापाऱ्यांच्या तांड्याबरोबर तीन दिवस तीन रात्री चालले. डिझेल कुरैमातलाच भरून घ्यावं, पुढे पंप आहे या भरवशावर राहू नये. झाफरानाच्या अलीकडे मठाचा फाटा, मग आत सुमारे १५ किलोमीटर. झाफरानाचा वारा इतका सलग की तिथे ५४५ मेगावॅटच्या पवनचक्क्या उभ्या आहेत; गाडीचं दार वाऱ्याच्या बाजूने उघडताना घट्ट धरावं.

आज दिसतो तो मठ अंतोनींनी बांधलेला नाही. त्यांच्या मृत्यूनंतर शिष्यांच्या खोपट्यांतून तो वाढला. प्रेषितांच्या, म्हणजे येशूच्या बारा शिष्यांच्या नावाच्या चर्चखाली चौथ्या शतकातल्या खोल्या सापडल्या, त्या जमिनीत बसवलेल्या काचेतून दिसतात. तटाला पूर्वी दरवाजाच नव्हता. माणूस असो की धान्याचं पोतं, दोराला बांधून वरच्या झरोक्यातून ओढून घेत, तो रहाट अजून आहे. आत एक बुरूजही आहे, त्याचं दार वरच्या मजल्यावर, उचलायच्या पुलाने जोडलेलं. एवढी काळजी घेऊनही १४८४ साली मठातच काम करणाऱ्या बेदुइनांनी, म्हणजे वाळवंटातल्या भटक्या अरबांनी, सगळ्या मठवासींना मारलं आणि हस्तलिखितं जाळली.

जुन्या चर्चच्या भिंतींवर थिओडोर नावाच्या चित्रकाराने १२३२-३३ मध्ये रंगवलेले संत आहेत. घोड्यावरचे हुतात्मे प्रवेशाकडच्या भागात, मठवासी आतल्या बाजूला. वेदीकडे जाताना आधी रक्त सांडलेले भेटतात, मग घाम गाळलेले. ही चित्रं शतकानुशतकं काजळीखाली होती. १९९६ ते १९९९ मध्ये इटालियन जाणकारांनी ती साफ केली. रंग सुक्या गिलाव्यावर चिकट द्रव्यात कालवून लावलेत, गिलाव्यात मुरलेले नाहीत. ओलं बोट लागलं तरी पापुद्रा सुटतो, म्हणून भिंतीला टेकू नये, फ्लॅश नको, पाठीवरची सॅक पोटाशी घ्यावी.

मग झरा. डोंगराच्या पोटातून दिवसाला सुमारे १०० घनमीटर पाणी येतं. मठाची बाग, खजुरी, स्वयंपाक सगळं त्यावर. अंतोनी इथेच का थांबले याचं उत्तर हा झरा आहे: डोंगराच्या पायथ्याशी गोड पाणी आणि चार रानटी खजुरी त्यांना दिसल्या. पहिल्यांदा तांडेवाले भाकरी देत. मग लोकांना खेप पडते म्हणून त्यांनी कुदळ, कुऱ्हाड आणि थोडं बी मागवलं आणि वाफा केला. वर्षाची भाकरी निघू लागली. पुढे माणसं येऊ लागली तसा भाजीचा वाफा वाढवला, कारण इतकी वाट तुडवून आलेल्याला काहीतरी हिरवं मिळावं. जनावरं पाण्याला यायची आणि पीक तुडवायची. त्यांनी एकाला अलगद धरून विचारलं, मी तुमचं काही वाईट करत नाही, मग तुम्ही माझं का करता?

इथल्या पेहरावाकडे नीट बघावं. मठवासींना ‘अबूना’ म्हणतात. डोक्यावरच्या काळ्या टोपीच्या मधोमध शिवण असते, दोन्ही बाजूंना सहा-सहा क्रूस, मागे तेरावा. अंतोनींची टोपी सैतानाने ओढून फाडली आणि त्यांनी ती शिवून पुन्हा घातली, ती ही शिवण. उपासनेनंतर हातात ‘कुर्बान’ दिला जातो: तळहाताएवढी, आंबवलेल्या पिठाची, बिनमिठाची गोल पोळी. मधोमध क्रूस, भोवती बारा छोटे क्रूस, पाच भोकं. बारा क्रूस प्रेषितांचे, पाच भोकं येशूच्या जखमांची. दोन्ही हातांनी घ्यावी, चुरा सांडू देऊ नये.

चौथा दिवस: संत पौल यांचा मठ

डोंगर मध्ये असला तरी रस्त्याने ८० किलोमीटरच्या वर पडतात: झाफरानाला परत, किनाऱ्याने दक्षिणेला पंचवीसेक किलोमीटर, मग आत १३. पठारावरून पायवाट आहे, पण वाटाड्या आणि परवानगी यांशिवाय तिचा विचार करू नये. वर पाणी नाही आणि घळी एकसारख्या दिसतात.

हे पौल बायबलमधले नव्हेत. ते दक्षिण इजिप्तमधल्या थेबेसचे, रोमन सम्राट डेसियसच्या छळातून पळून पंधरा-सोळाव्या वर्षी इथे आले. ही कथा बायबलचं लॅटिन भाषांतर करणाऱ्या संत जेरोम यांनी अंतोनींच्या मृत्यूनंतर वीसेक वर्षांनी लिहिली. अथानासियस त्यांचा उल्लेखही करत नाहीत. कथा अशी: आपण सर्वांत आधी वाळवंटात आलो असं नव्वदीच्या अंतोनींना वाटलं, तेव्हा स्वप्नात कळलं की तुझ्याआधी एक आहे. ते शोधत आले. पौल ११३ वर्षांचे. कावळा रोज अर्धी भाकरी आणायचा, त्या दिवशी अख्खी आणली. भाकरी कोणी मोडायची यावर दिवस मावळेपर्यंत दोघांचा ‘आधी तुम्ही’ चालला. शेवटी दोघांनी दोन टोकं धरून ओढली. पौल वारले तेव्हा खड्डा खणायला अवजार नव्हतं, दोन सिंहांनी पंजांनी माती उकरली. कॉप्टिक चित्रात कावळा आणि सिंह दिसले की दुसरा म्हातारा पौल समजावा.

त्यांची गुहा आता जमिनीखालचं चर्च आहे. तिथली बरीच चित्रं १७१३ ची, मठातल्याच एका मठवासीने काढलेली. थिओडोरची सफाई त्यांत नाही, पण डोळे मोठे आणि रेघ ठाम. अर्धा दिवस पुरतो. मुक्कामाला परत अंतोनींकडे.

पाचवा दिवस: गुहा

पहाट फुटताच निघायचं. मठापासून गुहा सुमारे दोन किलोमीटर, उंची ३०० मीटर, पायऱ्या जवळपास १२००. चढायला पाऊण ते एक तास. माणशी दीड लिटर पाणी. पायऱ्या बांधीव आहेत, पण उंची सारखी नाही, त्यामुळे श्वासाची लय मोडते. पन्नासेक पायऱ्यांनी थांबत गेलेलं बरं. पहिल्या दोनशे जोरात चढणारे पुढे बसून राहतात. उतरताना गुडघ्यांवर जास्त ताण येतो, कठड्याच्या बाजूने तिरकं उतरावं. थंडीतही वारा अंगातलं पाणी शोषतो आणि घाम दिसत नाही, म्हणून तहान लागायच्या आधीच प्यावं.

वाटेत साध्या पौलांची आठवण जपलेली जागा लागते. हे दुसरे पौल, साठीचे शेतकरी, संसारात फसवणूक झाली तेव्हा थेट अंतोनींकडे आले. अंतोनींनी त्यांना दिवसचे दिवस बाहेर उभं ठेवलं. मग खजुरीची पानं भिजवून हातात दिली आणि दोर वळायला लावला. पंधरा वाव वळून झाला, म्हणजे सुमारे २७ मीटर. अंतोनी म्हणाले, वाईट वळलायस, उकल आणि पुन्हा वळ. भिजलेलं पान एकदा पिळलं की दुसऱ्यांदा वळताना चिरतं, म्हणून उकलून वळणं हे पहिल्यापेक्षा कठीण काम. पौल कुरकुरले नाहीत. संध्याकाळी सहा-सहा औंसांच्या चार भाकऱ्या आल्या, एक अंतोनींना, तीन पाहुण्याला. जेवण्याआधी एकच स्तोत्र बारा वेळा म्हटलं. पौलांनी एक भाकरी खाल्ली आणि म्हणाले, तुम्ही दुसरी घेतलीत तर मीही घेईन.

गुहेचं तोंड म्हणजे खडकाची फट. सॅक बाहेर ठेवायची, खिसे रिकामे करायचे, एक खांदा पुढे घालून आडवं सरकायचं. छाती भरून श्वास घेतलेला माणूस अडकतो, श्वास सोडून सरकला की सुटतो. मागच्याने ढकलू नये. बंद जागेची धास्ती असणाऱ्याने तोंडाशी बसून आतला अंधार बघावा, तेवढंही पुरे. आत गेल्यावर दोन-चार पायऱ्या खाली, मग छोटी खोली, एक वेदी, भिंतींच्या फटीत खोचलेल्या नवसाच्या चिठ्ठ्या. विजेरी विझवून पाच मिनिटं थांबावं. बाहेरचा वारा इथे ऐकू येत नाही.

अंतोनींच्या मागे लवकरच इथे आलेल्या पॅलेस्टाईनच्या हिलारियन या तपस्व्यांना शिष्यांनी सगळं दाखवलं: ही झाडं त्यांनी लावली, हे तळं त्यांनी खणलं, ही कुदळ इतकी वर्षं वापरली. खोली माणूस आडवा होईल एवढीच. हिलारियन त्या बिछान्यावर पडले आणि त्याचं चुंबन घेतलं. थडगं त्यांना दाखवलं की नाही, हे मात्र कोणाला ठाऊक नाही.

अंतोनी ३५६ साली १०५ वर्षांचे होऊन वारले. थोरामोठ्यांचं प्रेत गुंडाळून घरात बाजेवर ठेवायची तेव्हा इजिप्तमध्ये चाल होती, ती त्यांना मुळीच पसंत नव्हती. बाहेरच्या डोंगरावरच्यांचा निरोप घेऊन ते घाईने इथे परतले आणि दोघा शिष्यांना बजावलं: जमिनीत पुरा, जागा कोणाला सांगू नका. अवशेष अलेक्झांड्रिया, कॉन्स्टँटिनोपल असे फिरत फ्रान्सला पोचले असं युरोपात मानतात. मठवासी म्हणतात, ते आमच्या जुन्या चर्चखालीच आहेत. वाटण्यासारख्या वस्तू मोजक्याच होत्या. केसांचं वस्त्र शिष्यांना. मेंढीच्या दोन कातड्यांपैकी एक बिशप सेरापियनना. दुसरी अथानासियसना, आणि सोबत अंथरायचा झगा. तो अथानासियसनीच दिलेला होता, दिला तेव्हा नवा होता, अंतोनींजवळ जुना झाला.